विलायती पोरीचं लग्न

आबा, गेल्या आठवड्यात तुमची विलायती पोरगी टीव्हीवर दिसली. नात सुट्टीत सांगलीला माझ्याकडे आली आहे, आणि तिला त्या इंग्रजी मालिकांचं भारी वेड. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, घोडागाड्या, पांढऱ्या केसांचे टोप घातलेले बाप्ये, जमीन झाडत जाणारे झगे. मी जेवून पलंगावर आडवी झाले होते, डोळा लागत होता. तेवढ्यात एका पाणचक्कीवाल्याची पोर दारात येऊन उभी राहिली. बड्या घरच्या जहागीरदारानं रेशमी कपड्यांची पेटी पाठवली होती, ती तिनं गाडीवरून उतरूसुद्धा दिली नाही, आल्या पावली परत लावली. मी ताडकन उठून बसले आणि म्हणाले, "अगं, ही आमच्या घरची!" नात हसून लोटपोट. तिला वाटलं आजी झोपेत बरळते आहे. मग मी तिला पुढं काय घडणार ते सांगत गेले आणि तसंच घडत गेलं, तेव्हा तिचं हसू थांबलं. या आठवड्यात आम्ही दोघींनी मिळून ती मालिका शेवटपर्यंत पाहिली. म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा हिशेब माझ्याकडे शिल्लक होता हे मलाच ठाऊक नव्हतं.

ते जाड पुस्तक तुम्ही पहिल्या महायुद्धात पलटणीत हवालदार-कारकून असताना साहेबांच्या टाकून दिलेल्या सामानातून उचललं होतं. वरची पानं गेलेली, त्यामुळं त्याचं नाव तुम्हालाही ठाऊक नव्हतं. पलटणीत कानावर पडलेलं इंग्रजी आणि एक फाटकी डिक्शनरी एवढ्या भांडवलावर तुम्ही ते वाचलंत. आणि रहिमतपूरला परत आल्यावर त्याचा उपयोग काय केलात, तर भुईमुगाच्या शेंगा फोडून घ्यायला! बियाण्याच्या शेंगा हातानंच फोडाव्या लागतात, बडवल्या तर दाणा दुभंगतो आणि उगवत नाही. उन्हाळ्यात घरोघरी बायकांचे अंगठे सोलवटायचे. आपल्या अंगणातल्या मांडवात मात्र गल्लीतल्या बायका आपणहून सूप घेऊन यायच्या, कारण तुम्ही पुस्तक मांडीवर ठेवून ती गोष्ट सांगायचात. पोती जास्त असली की गोष्ट लांबायची. एका वर्षी त्या पोरीला तुम्ही नदी ओलांडायलाच आठवडा लावलात. आई म्हणाली, "आवं, बुडाली आसंल आतापतूर." तुम्ही म्हणालात, "बुडंल कशी? आजून दोन पोती ऱ्हायल्यात."

काय काय करायचात तुम्ही त्या गोष्टीचं! जहागीरदाराचा इनामदार झाला, पाद्र्याचा गुरव झाला, केसांच्या टोपाचा फेटा झाला. टीव्हीवर तो टोप बघून मला मुळीच पटलं नाही, माझ्या डोळ्यांपुढं त्याच्या डोक्यावर कोशा फेटाच आहे. मोठ्या वाड्यात नाचाची मजलस होती तिथं तुम्ही अडलात. परक्या बाप्याचा हात धरून बाया नाचतात हे मांडवात सांगायचं कसं? शेवटी तुम्ही सगळ्यांच्या हातात लेझीम दिलीत. आत्या म्हणाली, "दादा, तिकडं बाया बी लेझीम खेळत्यात व्हय?" तुम्ही न हसता म्हणालात, "लय थंडी असती तिकडं. आंग गरम ठेवाय लागतं." ते बेचाळीसनंतरचे दिवस. शेजारचा खादीची टोपी घालणारा पोरगा कुंपणावरून ओरडला होता, "हवालदार, आमी सायबाला घालवाय निघालोय, आन् तुमी त्येची पोथी वाचताय?" तुमचं उत्तर मला अजून तोंडपाठ आहे. "सायबाला घालीव की रं गड्या. पर त्या पोरीनं तुझं काय केलंय?"

त्या पोरीचा तुम्हाला अभिमान होता, आबा. खोटं म्हणू नका. पेटी परत लावतानाचं तिचं बोलणं सांगताना तुम्ही पुस्तक मिटून ठेवायचात आणि ताठ बसायचात. "न्ह्या माघारी. म्या कापडं मागितली न्हवती, आन् मागनार बी न्हाई." ती विलायतेची असली तरी तुमच्या तोंडून आपल्यासारखीच बोलायची, आणि आमच्या गल्लीतली दहा-बारा वर्षांची प्रत्येक पोर ते वाक्य खेळताना म्हणायची. पण मला त्यातली तिची आणि तिच्या बापाची जोडी फार आवडायची. चक्कीवाल्याला तिच्याशिवाय कुणी नाही, तिचाही त्याच्यावर जीव. ती दळण सांभाळते म्हणून तो दुपारी सुखानं झोपतो. आणि हाच बाप, तिकडं चालतं तसं, तिनं श्रीमंत चुलतभावाशी लग्न करावं म्हणून हटून बसतो, तेव्हा ती घर सोडून निघते. वाईट बापाला नाही म्हणणं सोपं असतं. तिची पंचाईत ही, की बाप चांगला होता.

मग माझी पाळी आली. मी सातवीची फायनल पास झाले होते आणि सांगलीच्या मास्तरणींच्या ट्रेनिंगला माझा नंबर लागला होता. त्याच महिन्यात इस्लामपूरकडचं स्थळ आलं. उसाची जमीन, स्वतःचं गुऱ्हाळ, थोरला भाऊ फौजेत. मुलगा वाईट नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. त्याची आई मात्र माझ्याकडे बघत आमच्या आईला म्हणाली, "फायनल झाली न्हवं, बास झालं. आता पुस्तकं गुंडाळायची. आमच्यात बायका वाचत बसत न्हाईत." मी तुमच्याकडे पाहिलं. वाटलं, ज्या माणसानं अख्ख्या गल्लीला पुस्तक ऐकवलं तो आता काहीतरी बोलेल. तुम्ही पानाला चुना लावत होता. तो लावून झाला, पान दुमडून झालं, तोंडात घालून झालं, तरी तुम्ही बोलला नाहीत. मला राग आला तो तिथं. स्थळाचा नाही, त्या पानाचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गोष्ट संपवलीत. पोती अजून भिंतीला लागून उभी होती, तरी संपवलीत. पोरीला पश्चात्ताप झाला, ती घरी आली, बापाच्या पाया पडली, चुलतभावाशी लग्न केलं आणि सुखानं नांदली. चार वाक्यांत! जिला नदी ओलांडायला आठवडा लागला, ती चार वाक्यांत बोहल्यावर चढली. मांडवात शेंगांचा आवाज थांबला. आत्या म्हणाली, "दादा, ही ती पोरगी न्हवं. कुनीतरी बदलून आनलीया." तुम्ही म्हणालात, "पुस्तकात हाय तसं सांगतोय." मी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "आबा, खोटं हाय ह्ये." तुमच्यापुढं असं बोलायची माझी पहिलीच वेळ. तुम्ही विचारलंत, "तुला इंग्रजी येतंया?" मी म्हणाले, "इंग्रजी न्हाई येत. पर ती पोरगी म्हायती हाय मला." त्यावर तुम्ही जे म्हणालात ते माझ्याकडे बघून नाही, पुस्तकाकडे बघून म्हणालात. "बापाचं ऐकून कुनाचं वाटुळं झालं न्हाई."

मी ऐकलं नाही. मी सांगलीला गेले. आईनं भाकरी बांधून दिली, आत्या सोबत निघाली, आणि दारात तुम्ही सांगितलंत, "जा. पर न्ह्यायला कुनी येनार न्हाई, ह्ये ध्येनात ठेव." ध्यानात ठेवलं. ट्रेनिंग केलं, कवठे महांकाळच्या बाजूला पाण्याच्या घागरीसाठी दोन-दोन कोस चालणाऱ्या पोरींना शाळेत ओढून आणलं, आया दारात शिव्या द्यायच्या त्या खाल्ल्या. लग्न माझ्या मर्जीनं, माझ्याच पेशातल्या माणसाशी केलं. पुढं सणावारी रहिमतपूरला येत राहिले, तुम्ही माझ्या पोरांना खांद्यावर घेतलंत, पण गोष्टीचा विषय ना तुम्ही काढलात ना मी. आत्यानं मला सांगितलं होतं की मी गेल्यानंतर तुम्ही मांडवात पुन्हा गोष्ट सांगितली नाहीत, आणि बायका आपापल्या घरी शेंगा फोडायला लागल्या. मला वाईट वाटलं नाही. बरं झालं म्हटलं. ज्यानं शेवट खोटा सांगितला त्याला कुणी कशाला ऐकावं? आजही माझं मत तेच आहे. म्हातारी झाले म्हणून मऊ झाले असं समजू नका. मी चुकले नव्हते, तुम्ही चुकला होता, आणि काल टीव्हीनं त्याचा पुरावा दिला.

खरा शेवट ऐका आता. पोरगी समुद्रकाठच्या गावी जाते, एक खोली घेते आणि लहान मुलींना शिकवायला लागते. तेवढं तर मी मांडवात बसल्याबसल्या ओळखलं होतं. पण त्याच्या पुढचं मला ओळखता आलं नव्हतं. तिचा बाप येतो, आबा. तो म्हातारा चक्की बंद करून, बूट फाटेपर्यंत चालत तिच्या दारात येतो. टोपी हातात धरून म्हणतो, घरी चल. ती त्याला खुर्चीवर बसवते, खायला घालते, त्याचे पाय गरम पाण्यात ठेवते, आणि सांगते की मी येणार नाही. तो जेवतो, बूट घालतो, परत जातो. नात रडली. मी नाही रडले. मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होते. हे पान तुम्ही वाचलं होतं. डिक्शनरीत एकेक शब्द शोधून वाचलं होतं. पोरीला बोहल्यावर चढवलंत ते मला समजतं, तुम्हाला इस्लामपूरचं घर हवं होतं. पण त्या चालत आलेल्या बापाला का गाळलंत? त्यानं तुमचं काय वाकडं केलं होतं?

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. नातीला मी सांगितलं आहे की तिची आजी त्या विलायती पोरीइतकीच घट्ट होती. ट्रेनिंगला असताना दर रविवारी मुलींचे बाप भेटायला यायचे, चटणी-शेंगदाणे घेऊन. मी डोकं दुखतंय म्हणून खोलीत बसायचे, पण खाट ओढून खिडकीशी घेतलेली असायची. तुम्ही दारात येऊन उभे राहिला असता आणि नुसतं "चल" म्हणाला असता, तर मी पायात चप्पलसुद्धा न घालता तुमच्यामागून घरी आले असते, आबा.