सेनोझेतच्या उताराची मान

पोद्लोम गावच्या सेनोझेत या स्कीच्या उतारावरची खुर्च्यांची लिफ्ट यंदा बर्फ पुरेना म्हणून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बंद पडली ती पुन्हा सुरू झाली नाही. लिफ्टचे व्यवस्थापक गाश्पर कोरेन यांनी ही गोष्ट मला माझ्याच स्वयंपाकघरात, बूट न काढता सांगितली. ते माझे चिरंजीव आहेत. माझे हृदयही आता फार काळ चालणार नाही, हे डॉ. विदा ओसोलनिक यांनी मागच्या बुधवारी सांगितले. डोके मात्र शाबूत आहे, असेही त्या त्याच दमात म्हणाल्या आणि मी मागितल्यावर तसे लिहून दिले. ते प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

म्हणून मी, अपोलोनिया कोरेन, लुडविक कोरेन यांची विधवा, वय एक्याऐंशी, राहणार पोद्लोम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर, कोणी आग्रह धरण्याआधीच लिहून ठेवत आहे. याआधीचे दोन कागद मी चुलीत घातले आहेत. कोणापाशी त्यांची नक्कल निघालीच तर तिला किंमत देऊ नये.

माझा व्यवसाय काय लिहावा, असा प्रश्न पडला. लिफ्ट बांधली तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी दर हिवाळी पहाटे उतारावरचा बर्फ मोजून राजधानीला, ल्युब्लियानाच्या रेडिओला फोनवर कळवत असे. सकाळच्या बातम्यांआधी आकडा पोचला नाही तर आमचा उतार त्या दिवशी जगात नसे. तेव्हा 'बर्फाची बातमीदार' असे लिहावे.

एक. अंत्यविधी. मला लुडविकच्या शेजारी ठेवावे. त्या दिवशी लिफ्ट चालू असेल तर काय करायचे, हे इथेच लिहिते, कारण मागच्या वेळी यावरून घर फुटले. लुडविकची शवपेटी नेली तो दिवस म्हणजे त्या मोसमातला धड बर्फाचा एकमेव शनिवार. गाश्परने लिफ्ट बंद ठेवली नाही. पेटी लिफ्टच्या तारेखालून जाऊ लागली तेव्हा माझी मुलगी लुत्सिया रांगेतून बाहेर पडली, खालच्या केबिनमध्ये शिरली आणि तिने लाल बटण दाबले. उतारभर माणसे खुर्च्यांत लोंबकळत राहिली. त्यांतल्या काहींनी हवेतच टोप्या काढल्या. ती लिफ्ट लुडविकने गावकऱ्यांबरोबर सिमेंट वाहून उभी केली होती. इतकी सुंदर शांतता त्याला जिवंतपणी मिळाली नाही. पण तेव्हापासून बहीणभाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत. बरोबर कोण होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही. लुडविकने स्वतःसाठी लिफ्ट चालू ठेवली असती, दुसऱ्या कोणासाठी थांबवली असती. माझ्या वेळी दोघांनी आपापसांत बोलून ठरवावे. ठरवता आले नाही तर मला पाठीमागच्या रस्त्याने न्यावे. तो लांबचा आहे, पण मला घाई नसेल.

दोन. घर, खालचे कुरण आणि त्यावरची लिफ्टच्या यंत्रघराची जागा गाश्परला द्यावी. सोबत एक निरीक्षण देते, ते घ्यायचे की नाही हे त्याने ठरवावे. यंदा लिफ्ट बंद पडल्यावरही माणसे येत राहिली. शाळेची पोरे घसरगाड्या घेऊन आली, शहरातली जोडपी धुक्यात पायी चढून गेली. उतारावरचे उपाहारगृह चालवणारी फानी म्हणते, "पोलोनाताई, तिकिटाची खिडकी बंद आणि माझी बार्लीची पेज दुपारीच संपते. हे लोक येतात तरी कशाला, विचारा बघू त्यांना!" मी विचारले. एक बाई म्हणाली, "इथं वर आलं की फोन लागत नाही." दुसरी म्हणाली, "पेजेसाठी." तिसऱ्या माणसाला कारण सांगता आले नाही, आणि मला त्याचेच जास्त कुतूहल वाटले. गाश्परनेही अधूनमधून विचारावे. तो फक्त किती आले हे विचारतो.

तीन. लुडविकची सगळी अवजारे गाश्परला. लांब दांड्याचा विळा, त्याचा धारेचा दगड आणि दगड पाण्यात ठेवायचे शिंग लुत्सियाला. गवत कापणारी आता तीच आहे. बर्फ मोजायची माझी काठी शाळेला द्यावी.

त्या काठीमुळे लिफ्टचे पहिले संचालक बोगोमिर यांची आठवण होते. मी मोजत असे मानेत, म्हणजे उतार जिथे दोन जंगलांमध्ये चिंचोळा होतो तिथे, कारण तिथेच बर्फ सर्वांत पातळ असतो आणि तिथून प्रत्येकाला जावेच लागते. बोगोमिर फोन हातातून ओढून घ्यायचे. "अहो बाई, तीस सेंटीमीटर काय सांगता? साठ सांगा! वरच्या कडेला वाऱ्यानं ढीग लावलाय, तिथं मोजा की."

"तिथं स्की कोण करतं? कोल्हे?"

"कोल्हे तिकीट काढत नाहीत! ल्युब्लियानाचे लोक काढतात!"

मी तीसच सांगितले. त्यानंतर त्यांनी मला कधी नववर्षाचे कार्ड पाठवले नाही. बोगोमिर यांना मी काहीही ठेवत नाही. हे नजरचुकीने राहिले असे कोणी समजू नये.

चार. बँकेतली शिल्लक अंत्यविधीच्या खर्चानंतर डोंगर बचाव पथकाच्या स्वयंसेवकांना द्यावी. ते माझ्याकडे कधीही वेळेवर जेवायला आले नाहीत, आणि कारण दर वेळी खरे होते.

पाच. मान. बाकी सगळे यापुढे किरकोळ आहे, हे दोन्ही मुलांना ठाऊक आहे.

सेनोझेतचा उतार लिफ्ट कंपनीचा नाही. उन्हाळ्यात ती अकरा घरांची गवताची कुरणे असतात, मधे कुंपणे असतात. गवताची दुसरी कापणी झाली की ज्याला उतार हवा त्याने घरोघर जाऊन विचारायचे, आणि मालकाने होकार म्हणून कुंपणाचा पहिला खुंट स्वतःच्या हाताने उपटायचा. नोव्हेंबरातल्या संत मार्टिनच्या सणापर्यंत उतार मोकळा झालेला असतो. वसंतात ज्याचे खुंट त्याने परत ठोकायचे. याचा कागद कधी झाला नाही. मान माझी आहे, माहेरची. तिचे खुंट राहिले तर वरचा उतार वर आणि खालचा खाली.

मार्चमध्ये गाश्पर आला. "आई, एक सही कर. तीस वर्षांचा करार. मानेचा कागद दिसला की बँक पाण्याच्या तळ्याला आणि त्या पाण्याचा बर्फ करून उडवणाऱ्या बर्फतोफांना पैसे देईल."

"आणि थंडी कोण देईल? तीही बँकच?"

"डिसेंबरात चार रात्री गोठल्या तरी पुरे गं. तोफा चार रात्रींत अख्खा उतार पांढरा करतात."

"गेल्या डिसेंबरात किती गोठल्या?"

त्याने पेला बाजूला सारला. मग म्हणाला, "लिफ्टच्या पगारावर चौदा घरं चालतात, आई. त्यांना मी काय सांगू? गवत छान उगवलंय म्हणून?"

दुसऱ्या दिवशी लुत्सिया आली. मानेच्या वरच्या टोकाला तिची मेंढ्यांची आणि चीजची झोपडी आहे. भाऊ येऊन गेल्याचे तिला टेबलावरच्या दोन पेल्यांवरून कळले. "मान विक म्हणत नाही मी, लिफ्ट मोड म्हणत नाही. येत्या शरदात खुंट काढू नकोस, एवढंच. आपोआप थांबेल सगळं."

"आणि चौदा घरं?"

"मेंढ्या पाळतील."

"फानी मेंढ्या पाळणार? ती तुझ्या कुत्र्याला बघून टेबलावर चढते!"

लुत्सिया खळखळून हसली, आणि आपण हसलो याचा तिला राग आला. दार आपटून गेली. दोघांची दार आपटायची पद्धत एकच आहे, बापाची.

मला स्वतःला काय वाटते, हे दोघेही विचारतात. मी बर्फ मोजताना दर वर्षी मानेत एका जागी हाताएवढा खड्डा करून खाली बघत असे. पडलेल्या बर्फाखाली गवत हिरवे असते आणि उंदरांनी त्यातून गल्ल्या काढलेल्या असतात. एका हिवाळ्यात उसनी बर्फतोफ आणली होती. तेव्हा खाली काचेसारखा थर होता, गवत पिवळे पडले होते आणि दमट तळघरासारखा वास येत होता. हे लुत्सियाच्या बाजूचे झाले. पण पुढच्या दोन उन्हाळ्यांत त्याच जागी पूर्वी कधी न दिसलेली जांभळी फुले आली. ती कोणामुळे आली? तोफेमुळे, मेंढ्यांमुळे, की बर्फ लवकर वितळू लागला म्हणून? मला कळले नाही. मी मरायला घाबरत नाही, पण हे न कळता जावे लागते याचा मात्र राग येतो. ज्याला तीस वर्षांपुढचे कळते असे वाटते त्याच्याकडून मी काहीही विकत घेत नाही, मग ते तळे असो की मेंढ्या.

मग कोणाला विचारावे? गेल्या शरदात मला येरोनिम ह्रिबेर्निककडे जावे लागले. त्याचा तुकडा मानेला लागून वर आहे. हद्दीवरच्या एका फरच्या झाडावरून आमचे तारुण्यापासून वाकडे. झाड वादळात पडले, वैर उभेच राहिले. त्या वर्षी त्याने खुंट काढले नव्हते. गाश्पर म्हणाला, "म्हातारा अडवतोय. जास्त पैसे हवेत त्याला." मी काठी टेकत वर गेले.

"काय येरोनिम, खुंटांना मुळं फुटली का?"

"मला कोणी विचारलंच नाही."

"गाश्परच्या वकिलानं पाकीट पाठवलं होतं की."

"आलं ना. आहे तिथं कपाटावर. माझ्या बापाच्या वेळी माणूस यायचा, पोलोना. आता पाकिटाला खुर्चीवर बसवून ब्रँडी कशी पाजू सांग?"

मग मी बसले, ब्रँडी घेतली आणि विचारले. तो उठला आणि त्याने पहिला खुंट उपटला. दुसरा माझ्याच्याने निघेना तेव्हा, "सोड, मोडशील. माझं कुंपण आहे ते!" असे ओरडत तोही त्यानेच काढला. नंतर तासभर आम्ही त्या झाडावरून भांडलो. फार बरे वाटले.

घरी येताना मला उमगले. त्या विचारण्यामुळे उतार अकरा घरांचा राहिला होता. ज्या वर्षी विचारणे थांबेल त्या वर्षी बर्फ कितीही पडो, तो कोणाचाच राहणार नाही.

म्हणून माझी इच्छा अशी. मान लुत्सियाला द्यावी. गाश्परला देत नाही, कारण उतार त्याला हवा आहे. ज्याला हवे त्याने विचारायला जावे. लुत्सियाला देते, कारण तिला उतार नको आहे. ज्याला नको त्याने 'नाही' हा शब्द समोरच्याच्या तोंडावर उच्चारून बघावा. तो पाकिटातून पाठवू नये. लुत्सियावर दोन बंधने आहेत. एका हिवाळ्यापलीकडचा होकार तिने कोणालाही, कोणत्याही किमतीला देऊ नये. आणि नकारही एकाच हिवाळ्याचा असावा. पुढच्या शरदात पुन्हा कोणी दारात आला तर त्याला बसवून पुन्हा ऐकावे.

यामुळे बँक कर्ज देणार नाही, हे मला कळते. चौदा घरांचे काय होईल, हे मला कळत नाही. गाश्पर, तुला मी अडवले असे तुला वाटेल. मी तुझी वाट तुझ्या बहिणीच्या दारावरून नेली आहे. ती अडचणीची आहे, हे मान्य. कायद्याने दोघांना जो वाटा मिळायलाच हवा तो यात मिळतो, हे वकिलांकडून तपासून घेतले आहे. त्यावरून कोर्टात जाऊ नये. तिथेही पाकिटेच असतात.

सहा. येरोनिम ह्रिबेर्निक. आज सकाळी त्याला साक्षीला बोलावले तेव्हा त्याने बसायच्या आत विचारले, "मला काय ठेवलंस?"

"काही नाही. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असा कायदा आहे."

"म्हणून मला साक्षीदार केलंस?"

"म्हणूनच."

"बाई आहेस की कोण आहेस!" असे म्हणून त्याने चष्मा काढला आणि पुसला. चष्मा स्वच्छ होता.

पुढे काय अपेक्षित आहे तेवढे लिहून थांबते. डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार दुसरी कापणी मी बघेन, संत मार्टिनचा सण बहुधा नाही. हा कागद वाचला जाईल तेव्हा गाश्पर दार आपटून जाईल. काही दिवस जातील. मग तो मानेतून वर चालत जाईल. ती वाट उघडी आहे, लुत्सियाला तो खूप लांबून दिसेल. आत जाऊन कडी लावायला तिला पुरेसा वेळ असेल आणि कॉफी चढवायलाही. ती काय करील, याचा मी पुष्कळ विचार केला. अंदाज बांधता येत नाही.

ठिकाण: पोद्लोम
दिनांक: १४ मे २०२४

सही: अपोलोनिया कोरेन

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना अपोलोनिया कोरेन यांनी हा कागद आपला आहे असे सांगून आमच्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या.

साक्षीदार: डॉ. विदा ओसोलनिक

साक्षीदार: येरोनिम ह्रिबेर्निक. साक्षीदाराने भर घालायची नसते असे डॉक्टर म्हणतात, तरी घालतो. मानेचे दोघांनी काय ते ठरवावे. पण मानेच्या वर माझा तुकडा लागतो. माझ्याकडे बहीणभाऊ मिळून विचारायला आले तरच मी खुंटाला हात लावीन. खुर्च्या दोन मांडून ठेवतो.