पांढरा भात

माधवनगर, सांगली

प्रिय आपा,

फोनवर उमैराच्या जेवणाचा विषय काढला की नेमकं तुझ्या गॅसवर दूध असतं. म्हणून लिहितेय. आता ते दूध खाली उतरव आणि शेवटपर्यंत वाच.

लेक माझी दुसरीत गेली तरी पांढरा भात, उकडलेला बटाटा आणि बेकरीचा टोस्ट, एवढ्यावरच जगत होती. याला लाड म्हणणाऱ्यांचा मला आता वीट आलाय. जाऊबाई म्हणाल्या, ‘उपाशी ठेव, मुकाट खाईल.’ मोहसीनने आपल्या वहिनीचं ऐकलं, आणि पोरगी शाळेत प्रार्थनेला उभी असताना कोसळली. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा हट्ट नाही, आजार आहे. नव्या वासाची, नव्या चवीची तिला खरोखर भीती वाटते. जे खाते ते खाऊ द्या, जबरदस्ती करू नका आणि फसवून तर काहीच भरवू नका. हे सगळं मी तुला ईदच्या आधी सांगितलं होतं. तू ‘व्हय, व्हय’ म्हणालीस.

आणि ईदला साताऱ्यात तुझ्या घरी तू तिचा भात मटणाच्या पाण्यात शिजवलास. दिसायला पांढराच होता, ताट मीच तिच्यापुढे ठेवलं. तिने घास तोंडातून हातावर काढला आणि माझ्याकडे पाहिलं. तू हसत होतीस. ‘आगं, जहर न्हाई घातलं, ताकद यील पोरीला.’ तुझी माया कळते गं, पण त्या मायेचं काय करू ते सांग. तेव्हापासून पोरीने भात सोडलाय, बटाटाही सोडलाय. वजन उतरतंय. असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. आणि तू एसटीने अळिवाचे लाडू पाठवतेस.

काल तिच्यासमोर तांदूळ धुतले, तिच्यासमोरच शिजवले. तिने विचारलं, ‘अम्मी, तुला माहीत होतं ना?’ नाही म्हणाले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. विश्वास बसला नाही. कसा बसेल? ताट मीच ठेवलं होतं.

मला तुझी माफी नको, आपा. रविवारी ये, डबा न आणता ये. माझ्यासमोर तिला सांग, की ते मी, तुझ्या खालाने केलं, अम्मीला माहीत नव्हतं. एवढं कर. मी वाढायला गेले की ती आधी माझ्या हाताचा वास घेते.

तुझीच,
शाझिया