डेंबाचं मागणं

बोबो-दिउलासो,
९ फेब्रुवारी

ती. कोरोतिमीताईस,
धाकट्या लासिनाचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. याकुबा ट्रकवाल्याने ते सीटखालून काढून दिलं. डिझेलचा वास येत होता, पण अक्षर तुझंच, फळ्यावर काढल्यासारखं. त्या टोळीवाल्यांनी टेलिफोनचा मनोरा उडवला आणि तू पुन्हा पत्रं लिहायला लागलीस, एवढंच काय ते बरं झालं. फोनवर तू नुसतं बरं आहे, बरं आहे करायचीस. कागदावर खोटं लिहायला तुला जमत नाही. मास्तरीण पडलीस ना.

इकडे सगळं ठीक. गॅरेजात काम भरपूर आहे, कारण रस्ते कुणी दुरुस्त करत नाही. आवाला वाटतं की तिची शेंगदाण्याची आमटी आता अगदी तुझ्यासारखी होते. मी मान डोलावतो. घरात शांतता हवी.

आता रागाचं. ईसूफने बंदूक घेतली हे मला ट्रकवाल्याकडून कळावं? तुझा मुलगा, माझा एकुलता भाचा, गावाच्या नाक्यावर स्वयंसेवक म्हणून उभा राहतो आणि मामाला पत्ता नाही. चार दिवस शिकवायचं, हातात बंदूक द्यायची आणि म्हणायचं, जा बाळा, गाव राख. सुरुवातीला मोटारसायकलवरून परके यायचे, तोंडं बांधलेले, भाषा निराळी. तेव्हा सैन्य आलं. परदेशी विमानं आली, ती गेली, मग दुसरे परदेशी आले. तोवर तुझी शाळा बंद पडली. आता त्या टोळीत आपल्याच पंचक्रोशीतली पोरं आणि त्यांच्यावर बंदूक रोखणारीही आपल्याच पंचक्रोशीतली पोरं. यात कोण कोणाला राखतंय ते मला कळेनासं झालंय. त्याला माझा आशीर्वाद सांगू नकोस. मी रागावलोय एवढं सांग.

बाबांना इकडे पाठव, हे मी किती वेळा लिहू? आणि आपला गुलाम कसा आहे? डेंबाला सांग, मालकाने विचारपूस केली आहे. आपल्या गायी तो नीट राखतोय ना, की बापजाद्यांसारखा सगळं दूध स्वतःच पिऊन वर आम्हालाच गुलाम म्हणतोय? त्याचे फुलानी आणि आपण बोबो, यांच्यातलं हे चिडवणं चुकलं की मला जेवण गोड लागत नाही. शहरात मला शिव्या देणारं हक्काचं कुणी नाही.

कळावे. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
लासिना


कोरेबा,
२७ फेब्रुवारी

चि. लासिना यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ट्रकांचा तांडा सैन्याच्या पहाऱ्यात काल आला. मीठ आलं, तेल आलं आणि तुझा राग आला. तिन्ही वाटून घेतले.

ईसूफवर ओरडायचं ते मी सगळं ओरडून झालंय. तो ऐकून घेतो आणि मग म्हणतो, आई, ते गावात घुसले तर तू त्यांना बाराखडी शिकवणार आहेस का? शाळा बंद झाली तेव्हा तो शेवटच्या वर्गात होता. बंदूक त्याला शोभत नाही. खांद्यावर ती नेहमी उलटीच लटकते. पण रात्री तो नाक्यावर असला की मला झोप लागते आणि त्या झोपेची मला लाज वाटते. हे तुलाच लिहिते.

बाबा काही यायचे नाहीत. शहरात मेलो तर तिथली माती मला ओळखणार नाही, म्हणतात. जेवण कमी झालंय. बाजरीची उकड पुढ्यात ठेवली की बोटाने रेघोट्या ओढतात आणि डेंबाच्या हातचं दूध मागतात. ते मी कुठून आणू?

कारण डेंबाला गावात येता येत नाही. नाक्याचा प्रमुख बासिरू आहे, तुझ्याबरोबर शाळेत होता तोच. त्याने फुलानींना बंदी केली आहे. म्हणतो, टोळीत फुलानी पोरं जास्त, मग यांच्यातला कोण बातम्या पुरवतो ते काय कपाळावर लिहिलंय? मी म्हटलं, अरे, तू बोबो ना? फुलानीचं रक्त आपल्या हातून सांडायचं नाही, अशी आपली शपथ आहे, तिची लाज बाळग. तो म्हणाला, ती शपथ लोक गुरं राखत होते तेव्हाची.

पलीकडच्या एका गावात गेल्या आठवड्यात फुलानींचा पाडा जाळला. कुणी जाळला हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. डेंबाचा पाडा ओढ्यापलीकडे आहे. बायको, सुना, नातवंडं, म्हातारी आई. रानात शिरावं तर टोळीवाले त्याचे मुलगे ओढून नेतील. डांबरी रस्त्याला जायचं तर वाट आपल्या नाक्यातूनच. परवा मी लाकडं आणायच्या निमित्ताने ओढ्यावर गेले होते. पलीकडून त्याने मला पाहिलं आणि शिवी दिली नाही. नुसता हात वर केला. लासिना, मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

काळजी घे. आवाला सांग, आमटीत शेंगदाणे आधी भाजायचे असतात.

कळावे. आठवण काढत जा, म्हणजे इकडे ठसका लागेल आणि मला कळेल.

तुझी,
ताई


बोबो-दिउलासो,
११ मार्च

ती. ताईस,
लासिनाचा सलाम. वि. वि.

घाईत लिहितोय, याकुबा खाली हॉर्न वाजवतोय. बाबांसाठी औषध आणि दुधाची पावडर पाठवतो. डेंबाचं दूध आहे असं सांगून दे. ओळखतील आणि तुला ओरडतील, तेवढीच अंगात ताकद येईल.

डेंबाला कसंही करून बाहेर काढ. माझ्या आवारात गॅरेजचे पत्रे टाकून जागा करतो, सगळ्यांना पुरेल. आवाने तर चुलीसाठी दगडसुद्धा आणून ठेवले. फक्त त्याला नाक्यातून पार कर. ईसूफला विचार, असं लिहिणार होतो, पण नको. बासिरूविरुद्ध त्याने एकट्याने काही केलं तर उद्या त्यालाच टोळीचा माणूस म्हणतील. मला दुसरं काही सुचत नाही. तू थोरली आहेस, तुला सुचेल.

तुझा,
लासिना


कोरेबा,
२९ मार्च

चि. लासिना यास,
ताईचे आशीर्वाद.

मन घट्ट कर. आपले बाबा गेले. मंगळवारी सकाळी, उन्हात बसलेले असताना. तुझ्या पावडरीचं दूध एक घोट घेतलं, हे फुलानीच्या गाईचं नाही, म्हणाले, आणि पुन्हा घेतलं. मग मान टेकली. त्रास काही झाला नाही. तुला कळवायला ना फोन ना तांडा. तुझ्यावाचून माती दिली, म्हणून मी तुझी माफी मागते.

आता पुढचं नीट वाच.

मयत निघायची वेळ झाली आणि म्हाताऱ्यांनी विचारलं, गुलाम कुठे आहे? चिडवणारा आल्याशिवाय बाबांसारख्या माणसाला माती देणार कशी? बासिरूही शेवटी बोबोच. म्हणाला, येऊ दे, एकटा, काठी न घेता.

डेंबा आला. बाबांसारखा लंगडत, डोक्यावर बाबांचीच जुनी टोपी. मागे एकदा त्याने ती चोरली होती ना, तीच. वेशीपासून बाबांच्या आवाजात ओरडत आला की पोरी, माझी तंबाखू कुठे लपवलीस? सगळ्या बायका रडता रडता हसायला लागल्या. मीसुद्धा. मग त्याने मयताला शिव्या घातल्या. म्हणाला, हा बोबो दारूच्या मडक्यात जन्मला, माझ्या गायींच्या शेणावर याने बाजरी पिकवली आणि आता गुलामाला न विचारता निघाला. आणि उडी मारून खड्ड्यात आडवा झाला.

इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे, मागणं पुरवल्याशिवाय चिडवणारा खड्ड्यातून उठत नाही. मी कोंबडी पुढे केली. त्याने मान हलवली. मिठाची पिशवी दिली, तंबाखू दिली. नको. लोक वरून चेकाळून ओरडत होते की याला बायको द्या, म्हातारी द्या! तेव्हा तो म्हणाला, माझा पाडा नाक्यातून डांबरी रस्त्यापर्यंत सुखरूप जाऊ द्या, आणि बासिरूने या मातीवर हात ठेवून तसा शब्द द्यावा, मग उठतो. लोकांना वाटलं, काय बेरकी आहे, आज मोठंच मागणं काढलं! सगळे खदाखदा हसले. तो म्हणाला, मी चेष्टा करत नाहीये. यावर तर हसून हसून लोटपोट झाले, कारण चिडवणारा नेहमी असंच म्हणतो. लासिना, मीही हसले. मला सगळं ठाऊक होतं, ओढ्यावर त्याचा हात मी पाहिला होता, तरी मी हसले. खड्ड्यात त्याचे ओठ थरथरत होते आणि आम्हाला ते बाबांचं सोंग वाटत होतं.

हसला नाही तो तुझा भाचा. कडेला उभा होता. त्याने खांद्यावरची बंदूक उतरवली, म्हाताऱ्या ढोलवाल्याच्या मांडीवर ठेवली आणि खड्ड्यात उतरून डेंबाच्या शेजारी आडवा झाला. म्हणाला, मयतीत नातवाचाही हक्क असतो. माझंही मागणं तेच आहे.

मग हसू थांबलं. एकदम नाही, मागच्या लोकांपर्यंत कळायला वेळ लागला. ऊन चढत होतं. बाबा पांढऱ्या कापडात बाजेवर वाट पाहत होते. म्हातारे एकेक करून बासिरूकडे वळले. बासिरू घामाघूम झाला. मला वाटलं, आता हा बंदूक रोखणार. पण तो गुडघ्यावर बसला आणि त्याने मातीवर हात ठेवला. म्हणाला, रस्त्यापर्यंत. त्यापुढे मला माहीत नाही. एवढ्यावर डेंबा उठला, ईसूफला हात देऊन वर काढलं आणि पहिल्यांदाच हुंदका देऊन रडला. चिडवणाऱ्याने मयतीत रडायचं नसतं, पण त्या दिवशी कुणी त्याला तसं म्हणालं नाही.

उद्या पहाटे ते निघतील. ईसूफ त्यांना थेट तुझ्या दारापर्यंत पोचवील. गायी माझ्याकडे ठेवून चाललाय. आज दुपारभर तो मला शिकवत होता, कोणती लाथ मारते, कोणती गाणं म्हटल्याशिवाय दूध देत नाही. म्हणाला, बोबोच्या हाती गायी देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. मला बरं वाटलं.

लासिना, माझं एक ऐक. ईसूफला परत पाठवू नकोस. गॅरेजात लाव, दार बंद कर, वाटेल ते कर. बासिरू त्याला विसरणार नाही. माझं मी बघेन.

कळावे. आपल्या दोघांचा लोभ आता आपणच सांभाळायचा, वर कुणी उरलं नाही.

तुझी,
ताई


बोबो-दिउलासो,
१३ एप्रिल

ती. ताईस,
लासिनाचा सलाम. वि. वि.

सगळे पोचले. म्हातारीसुद्धा. धुळीने ओळखू येत नव्हते. मी दार उघडलं तर डेंबा माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, गुलामा, मालक किती वेळ उभा आहे, पाणी विचारायची रीत विसरलास का? मी त्याच्या गळ्यात पडून बाबांसाठी रडलो, तेही दारातच, गल्लीतल्या लोकांसमोर. आवाची आमटी त्याने दोनदा घेतली आणि बरी नाही म्हणाला.

ईसूफला मी पाहिलं. केवढा झालाय. मी काही रागाचं बोलणार होतो, ते बोललो नाही. त्याच्या पायाला फोड आले होते, कारण डेंबाच्या नातीला तो वाटभर खांद्यावरून घेऊन चालला. मी त्याचे पाय धुतले. मामाने भाच्याचे पाय धुवायचे नसतात म्हणून तो ओढून घेत होता.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. गॅरेजात लावला, कपडे आणले, त्याची चप्पलही लपवली. चार दिवस राहिला. मग माझ्यापुढे येऊन बसला. म्हणाला, मामा, बासिरूने रस्त्यापर्यंत शब्द पाळला. मी निघालो तेव्हा तळ्यापलीकडच्या फुलानी पाड्यानेही तेच मागितलं. नाक्यावर माझी पाळी असते तेव्हा माणसं जाऊ शकतात. मी नसलो तर दुसरा कुणी असेल. आणि आई एकटी आहे, तिला गायींचं दूध काढता येत नाही.

मी ओरडलो. आवा रडली. डेंबाने त्याला चिडवायचा प्रयत्न केला, पण वाक्य पुरं झालं नाही. ताई, मला त्याला थांबवता आलं नाही. खरं सांगायचं तर शेवटी मला थांबवावंसंही वाटेना, आणि यासाठी तू मला कधी माफ करशील की नाही ठाऊक नाही. पहिल्या पत्रात मी त्याला आशीर्वाद पाठवायचं टाळलं होतं. आज डोक्यावर हात ठेवून दिला.

हे पत्र याकुबाकडे दिलेलं नाही. ईसूफच्या खिशात आहे. म्हणजे तू हे वाचते आहेस, तर तो समोर उभा आहे. रागावायचं ते सावकाश रागव, मलाही पुढच्या तांड्याने भरपूर लिही. आत्ता हा कागद खाली ठेव आणि पोराला जेवायला वाढ.

तुझाच,
लासिना