हळदीच्या पुड्यावरचे हवालदार

सांगली,
९ मार्च १९७६

तीर्थरूप हरिबामामांच्या सेवेशी भाचा अर्जुना याचा साष्टांग दंडवत. आपला गुडघा आता कसा आहे? मिशीची चौकशी मुद्दाम करत नाही, कारण पत्र तिच्याबद्दलच आहे.

तुमच्या पद्माचं लग्न कुठल्या घरात करायचं ते ठरवायला तुम्ही रविवारी इकडे येणार. स्टँडसमोरच्या दुकानात हळदीचे पुडे टांगलेले दिसतील. ते पाहून तुम्ही तिथूनच दहिवडीची गाडी धराल, आणि या घडीला तुमचा राग मला परवडणारा नाही. म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

तुमचा लष्करी पोशाखातला फोटो माझ्या स्टुडिओच्या काचेत असतो. मिरचीपुडीच्या पुड्यावर छापायला तो नाथाजी मसालेवाल्यांना आवडला. (तिखटाला तुमच्याइतका लायक चेहरा उभ्या जिल्ह्यात नाही, हे आमची आईसुद्धा मान्य करते.) तुम्हाला न विचारता मी तो विकला. कागदावर लिहिलं होतं, 'फोटोत फेरफार करण्याचा हक्क घेणाऱ्यास राहील.' आता आपण सातबाऱ्यावर वाढलेली माणसं, फेरफार म्हटलं की तलाठी आठवतो. एकाचं नाव कमी होऊन दुसऱ्याचं लागणार आणि जमीन जागच्या जागी, असं समजून मी सही ठोकली.

पुढं नाथाजींनी मिरची सोडून हळद काढली. हळदीला बाई पाहिजे. त्यांच्या रंगाऱ्यानं टोपीवर पदर ओढला, पदकांची मोहनमाळ केली, मिशी पुसून नथ घातली. मी भांडायला गेलो तर नाथाजींनी कागद पुढं केला. म्हणाले, "आवं, नाक तुमच्या मामाचंच हाय की. त्येला कुटं हात लावलाय?" थोडक्यात, तुम्ही सध्या 'रंगूबाई छाप' आहात. खप उत्तम आहे. मामींनीही चार पुडे नेले, असं ऐकतो.

लोभ होता त्यातला निम्मा तरी शिल्लक ठेवावा.

आपला,
अर्जुना

ता. क. नाथाजी आता कुंकवाच्या डबीसाठी पद्माचा फोटो मागतात. तिच्या चेहऱ्यातली रेघसुद्धा बदलू देणार नाही, असं त्यांना तोंडावर सांगितलं.

आणखी एक. पद्माचा हा फोटो तुम्ही कऱ्हाडच्या स्थळाला पाठवायला माझ्याकडे दिला होता. उत्तर येत नाही म्हणून तुम्ही पोस्टाला शिव्या घालता, पण पोस्टाची चूक नाही. तो दोन महिने माझ्या पेटीत आहे. रोज काढून पाहतो, आणि टपालात टाकायचं मन होत नाही. पद्माला विचारलं आहे, तिची ना नाही. तुम्ही नाही म्हणालात तर कऱ्हाडचं पाकीट तेवढं तुमच्या हातानं टपालपेटीत टाका. माझ्याच्यानं व्हायचं नाही.