लाईनच्या त्या टोकाला

९ जानेवारी १९७८, सोमवार. कुपवाड.
आज रुजू झाले! वाईहून निघताना वहिनी दारापर्यंतही आली नाही. इथे मात्र चिंतामणरावांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, स्वतः पेढा हातावर ठेवला. कंपनी शेतीचे पंप बनवते. तिचा नवा कॉम्प्युटर साताऱ्याच्या मुख्य कचेरीत आहे, आणि टेलिफोनच्या तारेने त्याला जोडलेलं टेलीप्रिंटरसारखं यंत्र माझ्या टेबलावर. इथून ऑर्डर टाइप करायची, की साताऱ्याचं उत्तर कागदावर उमटतं. खरं काम सुरू होण्याआधी खोट्या ऑर्डरी घालून प्रोग्रॅम कुठे चुकतो ते मी शोधायचं. चुका काढायचा पगार! राहायला कचेरीमागचीच खोली. झाडलोट करणाऱ्या राहीबाईंनी भाकरी आणि खर्डा आणून दिला.

१२ जानेवारी
आटपाडीचं एक नसलेलं गिऱ्हाईक घातलं; प्रोग्रॅमने नाकारलं. शाबास. पंपांच्या आकड्याऐवजी अक्षरं घातली, तर बिचारा अडकूनच बसला. आसपासच्या कारखान्यांत लेथ घरघरत असतात, पण या खोलीत कोणी डोकावत नाही. राहीबाई सकाळीच येऊन जातात. नंतर दिवसभर तोंड उघडायचं कारण पडत नाही.
दुपारी कागदावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: ताई, जेवलासा का? साताऱ्याच्या यंत्रावर बसणारा असावा. नाव विचारलं. आकाराम. इतकं बरं वाटलं!

१७ जानेवारी
आता रोज बोलतो. हितं लय गार हाय, कुनी येत न्हाई, म्हणतो. लग्नावरून दादा-वहिनींशी झालेलं भांडण मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्याला सांगितलं.
आज महत्त्वाची तपासणी होती. ऑर्डर अर्धी गेली असताना लाईन तुटली तर काय होतं? टाइप करता करता मी तारेचा प्लग भिंतीतून उपटला. यंत्र गप्प व्हायला हवं होतं. कागद सरकला: ताई, का थांबलासा?
सवयीने मी ‘काही नाही’ असं टाइप केलं. मग डाव्या हातातल्या प्लगकडे लक्ष गेलं.

१८ जानेवारी
साहेब हसले, तारेत वीज राहिली असेल म्हणाले. माझ्यासमोरच साताऱ्याला फोन लावला आणि बोलता बोलता त्यांचं हसू गेलं. तिथे यंत्रावर कोणी बसतच नाही. आकाराम नावाचा एकच माणूस त्यांना माहीत होता: हीच लाईन ओढताना गेल्या पावसाळ्यात कराडजवळ खांबावरून पडून मेलेला लाईनमन. प्रेत न्यायलाही कोणी आलं नाही.
कोणीतरी थट्टा करतंय, साहेब म्हणाले. माझ्याकडे न बघता. सोमवारी अहवाल द्या, मग हवं तर जा.

२० जानेवारी
प्लग काढलेलाच आहे. वीजही बंद केली. तरी कागद सरकतो. लाईन जोडल्यापासून रोज हाका मारत होतो म्हणतो, कुनी वो दिली न्हाई. तुमीच दिलीसा.
खाली एकच शब्द — निघालोय.

२१ जानेवारी
सकाळी कागदावर — ताकारी. दुपारी — पलूस. कराडहून इकडे येणाऱ्या वाटेवरची गावं.
राहीबाईंना कागद वाचून दाखवला. आवं ताई, हितं ऱ्हाऊ नगासा, एस्टी धरा आन् घरला जावा, एवढं बोलून त्या झाडू टाकून गेल्या.
घरला. वाईला कोणत्या तोंडाने — वहिनी दार तरी —

२२ जानेवारी, रविवार
सुट्टी. लेथ बंद. यंत्रही गप्प, कागद हललेला नाही. बरं वाटायला हवं —

दुपार. अंगणात पावलं. एक पाय ओढत — दारापाशी थांबली.

ताई, आलो, म्हणाला.

वही हातात घेऊनच दाराशी आलेय, उघडू नये हे कळतंय. पण आवाज किती दमलेला — एवढ्या लांबून माझ्यासाठी कधी कोणी — मी कडी काढ