सेवायोस गाईडला डिसेंबरात आलेली मागणी

रियोबांबा, २ डिसेंबर २०१९, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. अमाब्ले सेवायोस या माणसाने, म्हणजे मी, छापील व्यापारी गाईड, गावातल्या धंद्यांच्या नंबरांचं पुस्तक, एकट्याच्या जिवावर कसं तगवलं, हे कुठेतरी नमूद पाहिजे. दुसरं कोणी नमूद करेलसं दिसत नाही.

परिस्थिती उत्तम. यंदाची आवृत्ती पुढच्या खोलीत आहे. गेल्या वर्षीचीही आहे. त्याच्या आधीचीही. खोलीचं दार आता अर्धंच उघडतं.

माझी बायको नार्सिसा, तिने चर्चच्या हॉलमध्ये केस कापायचा कोर्स केला. आता तिला पुढच्या खोलीत पार्लर काढायचंय. जेवताना म्हणाली, एकतीस तारखेपर्यंत खोली रिकामी करा, नाहीतर मी कुएंकाला पिएदादकडे निघून जाईन. पिएदाद तिची बहीण. मी म्हटलं, एकतीसपर्यंत एक प्रत उरणार नाही. ती म्हणाली, हे तुम्ही गेल्या वर्षीही म्हणालात. बायकांना तारखा फार लक्षात राहतात.

४ डिसेंबर

डॉ. होल्गेर विल्यासीस, दाताचे. पुढच्या आवृत्तीच्या जाहिरातीसाठी गेलो. म्हणाले, कशाला शेजारी, माझे पेशंट मला मोबाईलवर शोधतात. मागच्या वर्षीही हेच म्हणाले होते. तेव्हा मी त्यांचं नाव यंदाच्या आवृत्तीत फुकटच घातलं, पण 'मटण व डुकराचे मांस' या सदराखाली. वर्षभर वाट पाहतोय. तक्रार नाही. कोर्टाची नोटीस नाही. गल्लीत कोणी हसलंसुद्धा नाही.

आज न राहवून म्हणालो, डॉक्टर, पान एक्केचाळीस बघा कधीतरी. म्हणाले, माझ्याकडे प्रतच नाही हो. दिली. त्यांनी मनापासून आभार मानले आणि वेटिंगमध्ये एका ठेंगण्या बाईंच्या पायाखाली ठेवली, पाय लोंबकळत होते म्हणून.

म्हणजे उपयोग झालाच.

७ डिसेंबर, शनिवार

स्वयंपाकघरातला पाईप फुटला. संधी! नार्सिसाने मोबाईल उचलला, मी म्हटलं थांब, आज छापील शब्दाची ताकद बघ. गाईड काढलं. प्लंबर तीन. पहिल्याच्या घरून बायको बोलली, ते दोन वर्षांपूर्वी वारले. दुसरा माद्रिदला असतो. तिसऱ्या नंबरावर बेकरी लागली. माणूस मात्र सभ्य होता, पाव हवेत का म्हणून विचारलं.

तोवर नार्सिसाने बोलावलेला प्लंबर येऊन काम करून गेलाही. जाताना त्याने 'पाईप व नळ' या पानालाच हात पुसले.

विचार केला. मोबाईल तुम्हाला हवा तो माणूस देतो आणि संपलं. गाईड तुम्हाला शेजारचाही देतं. प्लंबर शोधताना 'पादत्राणे' दिसतात, 'पुष्पहार' दिसतात. माणसाला गावाची ओळख होते. हे नार्सिसाला सांगितलं. ती गुडघाभर पाण्यात उभी होती, ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. पाणी घोट्यापर्यंत होतं खरं तर. ती वाढवून सांगते.

१२ डिसेंबर

मोठा दिवस. वॉशिंग्टन ग्वामान आला. गल्लीच्या कमिटीचा अध्यक्ष, माणूस उथळ पण वजनदार. म्हणाला, शेजारी, गाईडं आहेत का शिल्लक? मी म्हटलं, एखादी असेल, बघावं लागेल. तो अर्ध्या दारातून आत डोकावला आणि त्याने बोटाने गठ्ठे मोजले. मग म्हणाला, सगळी द्या.

सगळी!

विचारलं, एकदम इतकी कशाला? म्हणाला, डिसेंबर आहे शेजारी, लागतात. मी जास्त खोदलं नाही. गिऱ्हाईकाला फार प्रश्न विचारू नयेत. नार्सिसा मागे उभी होती, चक्क हसली. कोर्सला लागल्यापासून पहिल्यांदाच.

१५ डिसेंबर

ढकलगाडी, पुन्हा ढकलगाडी. वरच्या गल्लीची कमिटीही आली, शाळेची आली. माझ्या अंगणात दोन कमिट्यांची गाईडवरून जुंपली. तू मागच्या वर्षी वर्तमानपत्रावर भागवलंस, आताही भागव, असं एकजण ओरडला. वर्तमानपत्रापेक्षा गाईड वरचढ, हे भर रस्त्यात कबूल झालं. डोळे भरून आले.

रात्री नार्सिसाला म्हटलं, मी म्हणत होतो ना? ती म्हणाली, हो हो, तुम्हीच म्हणत होता. आणि मला भाजलेल्या डुकराचा कुरकुरीत तुकडा वाढला, जो ती एरवी स्वतःसाठी ठेवते.

१७ डिसेंबर

छापखान्यात जाऊन २०२० च्या आवृत्तीची ऑर्डर दिली. दुप्पट. मालकाने दोनदा विचारलं, नक्की ना? त्याला काय कळतंय बाजारातलं. मजकूर तोच ठेवलाय, फक्त वर्ष बदललं. लोकांना ओळखीचं आवडतं.

१९ डिसेंबर

वॉशिंग्टनच्या अंगणात गेलो. मोठी टाकी, खळ, कोपरापर्यंत बरबटलेल्या बाया. माझ्या गाईडचं एकेक पान फाडून लगदा चालला होता. एकतीस तारखेच्या रात्री जाळायच्या पुतळ्यासाठी, जुन्या वर्षाच्या म्हाताऱ्यासाठी. हात, पाय, पोट, सगळं माझंच.

वॉशिंग्टनला काही चुकल्यासारखं वाटतच नव्हतं. म्हणाला, शेजारी, असा कागद आता मिळत नाही. पातळ, पण खळ पितो छान. मागच्या वर्षीचा म्हातारा नुसता धुरकटला, यंदाचा बघा कसा पेटतो.

ठीक आहे. शांतपणे विचार करू. एक, कागदाच्या दर्जाचं कौतुक झालं. दोन, फाडण्याआधी लोक वाचतात. मी स्वतः पाहिलं. हिगिनिया बाई एका पानावर थांबल्या, बोट फिरवलं, 'कुलपे व किल्ल्या'. त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचं दुकान. नाव मोठ्याने वाचलं. नंबर मोठ्याने वाचला. मग पान टाकीत टाकून हाताने खाली दाबलं.

छापखान्याची ऑर्डर रद्द करणार नाही. कागद जळतो, सवय राहते.

२३ डिसेंबर

पुढची खोली रिकामी. जमीन दिसली, लाल आहे. विसरलो होतो. नार्सिसाने दोन दिवस एकटीने चुना लावला, आरसा लावला, पिएदादने पाठवलेली फिरती खुर्ची मांडली. दोन जानेवारीला उद्घाटन. खुर्चीत बसून गोल फिरली आणि गाणं म्हणत होती. वयाला शोभत नाही, पण सणाचे दिवस आहेत म्हणून बोललो नाही.

मला म्हणाली, अमाब्ले, तुम्ही शब्द पाळलात हो. मला वाटलं नव्हतं. आणि हात हातात घेतला.

नवीन आवृत्तीचं अजून सांगितलेलं नाही. सरप्राइझ.

२७ डिसेंबर

संताप! वॉशिंग्टनच्या अंगणात म्हातारा खुर्चीवर बसवलाय. डोकं अजून नाही, ज्याची थट्टा करायची त्याचा मुखवटा शेवटच्या दिवशी येतो. पण अंगात माझा तपकिरी कोट! कोपरावर चामड्याचं ठिगळ, तोच. नार्सिसाला विचारलं. म्हणाली, मीच दिला, जुना झाला होता. विचारलं, कोणाचा म्हातारा करतायत? म्हणाली, मला काय माहीत, कमिटीला विचारा. आणि तोंड फिरवलं.

पोटात माझी गाईडं, अंगात माझा कोट. यात विचारायचं काय राहिलं? मला जाळणार. साऱ्या गल्लीसमोर.

पोलिसात जावं का?

२८ डिसेंबर

झोपून उठल्यावर डोकं साफ झालं. जाळतात कोणाला? महापौरांना, मंत्र्यांना, फुटबॉलच्या कोचला. छोट्या माणसावर कोणी कागद वाया घालवत नाही. उभ्या आयुष्यात या गल्लीने प्रकाशक जाळला नव्हता. मी पहिला.

डॉ. होल्गेर दिसले. म्हटलं, एकतीसला या हं, जवळून बघा. म्हणाले, येणार म्हणजे काय, मला खास बोलावणं आहे. बिचारे. त्यांना माझ्या सत्काराला बोलावलंय आणि ते किती खूश.

२९ डिसेंबर

भाषण तयार. म्हाताऱ्याचं थट्टेचं मृत्युपत्र वाचून झालं की ज्याला जाळतात त्याने दिलदारपणे हसायचं असतं. मी हसेन, मग हात वर करेन, मग बोलेन. सुरुवात, "मित्रांनो, राखेतूनही नंबर लागतो." आरशासमोर सराव केला. आरसा चांगला आहे, उंच. हा तेवढा ठेवायला हरकत नाही.

३० डिसेंबर

छापखान्याचा ट्रक आला. सरप्राइझची वेळ अचूक जमली, नार्सिसा बाजारात होती. चार हमालांनी पुढची खोली छतापर्यंत भरली. खुर्ची अंगणात काढावी लागली. आरशाला किंचित तडा गेला, पण तो आता गठ्ठ्यांच्या मागे असल्यामुळे दिसत नाही.

नार्सिसा आली. दारात उभी राहिली. टोपलीतली, नवीन वर्ष लागताना खायची द्राक्षं खाली ठेवली. मी सगळं समजावलं: मागणी, जळण्याचा मान, त्यानंतर येणारी झुंबड, त्यासाठी हाताशी असलेला माल. आरडाओरडा नाही, रडणं नाही. फक्त म्हणाली, चुना अजून ताजा होता. समजूतदार बाई. धंदा कळायला लागलाय तिला.

संध्याकाळी कपाटावरची सुटकेस उतरवून पुसत होती. नवीन वर्ष लागताच सुटकेस घेऊन गल्लीला फेरी मारली की वर्षभर प्रवास घडतो, ती दरवर्षी मारते. आजवर सांता रोसा बाजाराच्या पलीकडे कुठे प्रवास घडलेला नाही. यंदा तयारी लवकर.

३१ डिसेंबर, दुपार

दाढी केली. नवा शर्ट. भाषण पाठ. नार्सिसाला म्हटलं, पुढे उभी राहा, लोक तुझ्याकडेही बघतील. म्हणाली, मला पॅकिंग आहे. फेरीच्या रिकाम्या सुटकेसला कसलं पॅकिंग? पण आज मोठ्या मनाने वागायचं ठरवलंय.

१ जानेवारी २०२०, सकाळ

मुद्देसूद लिहितो.

गल्ली गच्च भरली होती. वॉशिंग्टनचे मुलगे रिवाजाप्रमाणे झगे घालून म्हाताऱ्याच्या विधवा झाले होते, दोरी आडवी लावून गाड्या अडवून सुटे पैसे मागत होते. मी अगदी पुढे. वॉशिंग्टनने पोत्यातून मुखवटा काढला आणि म्हाताऱ्याला चढवला.

डॉ. होल्गेर.

हुबेहूब. मिशीसकट. वर पांढरा एप्रन, हातात पक्कड. सगळी गल्ली किंचाळली. वॉशिंग्टनच्या सासूची चांगली दाढ काढून त्यांनी किडकी ठेवली होती म्हणे. मी सोडून सगळ्यांना ठाऊक. मृत्युपत्र वाचलं:

"पक्कड माझी सासूबाईला, दुखरी दाढ जावयाला,
चांगले दात उपटले मी, किडके ठेवले चावयाला."

शेवटपर्यंत कान देऊन ऐकलं. माझं नाव नव्हतं. विनोदातही नव्हतं. डॉक्टर पोट धरून हसत होते, स्वतःच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होते. परक्या गल्लीतले लोक त्यांचा नंबर मागत होते आणि ते देत होते.

वॉशिंग्टनला बाजूला घेऊन विचारलं, माझं काय? तो आधी समजलाच नाही. समजल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, शेजारी, खरं सांगू, कमिटीत तुमचं नाव निघालं होतं. पण लांबून लांबून माणसं बघायला येतात हो. म्हातारा कोणाचा ते त्यांना कळायला नको? मग दालचिनीची दारू हातात देत म्हणाला, मनाला लावून घेऊ नका, आतून सगळे तुम्हीच आहात.

पेटला मात्र सुंदर. कागदाबद्दल तो बोलला ते खरं होतं.

बारा वाजता नार्सिसा सुटकेस घेऊन निघाली. मी म्हटलं, अगं रिकामी नेतात, ही तर जड आहे. ती म्हणाली, जरा पायऱ्या उतरवून देता का? दिली. अंगावर जाड कोट होता तिच्या. माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, गरम काहीतरी खाऊन घ्या.

बाकीच्या बायका फेरी मारून परत आल्या. द्राक्षं खाल्ली. पांगल्या. नार्सिसा अजून फेरीवरच आहे. सुटकेस जड असल्यामुळे.

१ जानेवारी, दुपार

वॉशिंग्टन म्हणाला, त्यानेच तिला बस स्टँडवर सोडलं. कुएंकाची गाडी. तुम्हाला माहीत नव्हतं होय? म्हणाला, आणि मग खाली बघत राहिला. त्याने खाली बघायचं काही कारण नव्हतं.

ठीक आहे. चार दिवस बहिणीकडे राहील, राग उतरेल. एक फोन केला की येईल. काय बोलायचं तेही ठरवलं. पुढची खोली अर्धी देतो म्हणायचं. नाहीतर पूर्ण देतो.

फोनपाशी बसलो. पिएदादचा नंबर माझ्याकडे नाही, तो नार्सिसाच्या मोबाईलमध्ये असतो. मग नार्सिसालाच लावावा म्हणून रिसीव्हर उचलला. या गावातल्या प्रत्येक हार्डवेअरवाल्याचा नंबर मला पाठ आहे. तिचा माहीत नाही. कधी लावायची वेळच आली नाही. ती घरीच असायची.