आधी पेज, मग गोळी

माय, आज मी तुझ्याशी भांडणार नाही, नुसती मिरवणार आहे. जिवंत असताना तू मिरवू दिलं नाहीस, म्हणून इतक्या वर्षांनी लिहिते आहे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. लाखनीजवळच्या आपल्या गावात रोवणीच्या रांगेत तू पहिली असायचीस. गाणं तू उचलायचीस, मागच्या बाया झेलायच्या. धानाची पहिली बांधी, म्हणजे शेताचा पहिला तुकडा, रोवून झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, हा तुझा नेम. कंबर धरली की दुकानातली दुखण्याची गोळी काळ्या चहासोबत घ्यायचीस. "उपाशी पोटीच लवकर लागते," म्हणायचीस. मग एका सकाळी तू ओकलीस आणि त्यात रक्त होतं. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी पोटात जखम केली आहे, पुन्हा घेतल्या तर बाई हाती लागणार नाही. ती गोळी कायमची बंद झाली. दुसरी साधी दिली, तीही काही खाऊनच घ्यायची. मी फार भ्याले होते, माय.

पुढच्या रोवणीपर्यंत तू बरी झालीस, आणि पुन्हा तोच नेम! मी पेजेचा गडवा घेऊन सरळ चिखलात उतरते आणि तुझ्या हातातली रोपांची पेंडी ओढून घेते.

"पेंडी दे! काहून तमाशा करून राहिली?"

"आधी पेज पी. मंग गोळी, मंग पेंडी."

"नेम मोडू का मी?"

"तूच नाई राहिली तं नेम कोन पाळन?"

रांगेतली शेजारची काकी ओरडली, "पी वो बाई, पोरगी हटून नाई राहिली!" सगळ्या हसल्या. माझ्याकडे डोळे वटारत तू अख्खा गडवा रिकामा केलास.

त्या वर्षी शेवटच्या बांधीपर्यंत गाणं तुझंच होतं. त्याच्या पुढच्या वर्षी तर तू कमाल केलीस. गोळी काढणाऱ्या प्रत्येक बाईला दटावून पेज पाजत होतीस, आणि वर "मले डॉक्टरनं सांगतलं" असं ठोकून देत होतीस. डॉक्टरांनी पेजेचं नावही काढलं नव्हतं!

तू पिकल्या केसांनी, नातवंडं खेळवून गेलीस. ही माझी जीत आहे, आणि ती मी सगळ्या गावाला ऐकवते. हे पत्र कुठे टाकणार, घरातच राहील. तू श्रेय डॉक्टरांना दिलंस, त्याचं मला काही वाटलं नाही, असंही मी गावाला सांगत असते. खूप वाटलं होतं, माय.